पाणी थांबतं ती वेळ

“तुला शाळेतून काढून टाकलंय का गं?”

विचारलं एकदाचं. विचारलं आणि मान वळवून वर पाहिलं. धक्क्याच्या वरच्या पायरीवर, चिंचेच्या बुंध्याआड अंकिता आणि शिफा तोंडावर रुमाल दाबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. मी विचारलं तर बोरकुटाची अख्खी बरणी माझी, नाही विचारलं तर आठवडाभर दोघींची दप्तरं माझ्या खांद्यावर.

खालच्या पायरीवर बसलेल्या मुलीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचे पाय पाण्यात होते, मांडीवर वही होती आणि डोळे खाडीवर.

“थांब जरा,” ती म्हणाली. “पाणी थांबतंय.”

मला वाटलं, माझीच फिरकी घेतेय. पाणी कुठे थांबतं?

“ते पान बघ.”

वडाचं एक पिवळं पान पाण्यावर चाललं होतं. समुद्राकडे नव्हे, उलटं, डोंगराच्या दिशेने. चालता चालता ते सावकाश झालं. मग आणखी सावकाश. मग पाय दुखल्यासारखं एका जागी उभं राहिलं. दुधावर साय धरावी तशी सगळी खाडी गप्प झाली. पलीकडच्या काठावरचा बगळाही मान वर करून तसाच राहिला. मी आठवीपर्यंत त्या खाडीच्या काठी वाढले होते, रोज शाळेत जाताना तिच्या कडेने जात होते, आणि ती अशी उभी राहते हे मला माहीत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग पान स्वतःभोवती एकदा फिरलं आणि आल्या वाटेने समुद्राकडे निघालं.

तिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पुरुषी, मोठं घड्याळ होतं, पट्ट्याला खिळ्याने आणखी भोकं पाडलेली. वहीत लिहिलं: चार वाजून बावीस मिनिटं. मग माझ्याकडे वळली.

“नाही. मला घातलंच नाही कुणी शाळेत. तुम्हाला घातलंय का?”

“आम्हाला काय विचारून घातलं का,” मी म्हणाले, आणि वरचं हसू बंद झालं.

बोरकुटाची बरणी आम्ही चौघींनी त्याच पायरीवर बसून संपवली. चौथी ती. नाव शाल्मली, वय अकरा, केस मुलासारखे कापलेले. चिमूटभर बोरकूट जिभेवर ठेवून तिने विचारलं, “यात मीठ आधी घालतात की बोरं वाळल्यावर?” अंकिताने आयुष्यात पहिल्यांदा ‘माहीत नाही’ असं कबूल केलं.

आता मी दहावीत आहे. दोन वर्षं झाली या गोष्टीला. पण डोळे मिटले की ते पान मला अजून दिसतं, निघण्याआधीचं, नुसतं उभं.

शाल्मलीचं कुटुंब त्याच पावसाळ्यानंतर आमच्या पालशेरीत राहायला आलं होतं, बंद पडलेल्या भातगिरणीच्या मागच्या घरात. तिचे बाबा तालुकाभर सोलरचे पंप दुरुस्त करत फिरायचे. आई घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासायची. गावात त्यांच्याबद्दल तऱ्हेतऱ्हेचं बोललं जायचं. मुलीला वाचता येत नाही, मुलगी आजारी आहे, आईबाप कुठल्यातरी बाबाच्या नादी लागलेत. मी मात्र पैज जिंकल्यापासून रोज दुपारी शाळा सुटली की तिकडे पळायचे, आणि तिथे गेलं की मला झोपेत चालल्यासारखं वाटायचं. इतकं ते घर सावकाश होतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीत इडलीच्या पिठाचं भांडं असायचं, काचेचं. त्याला रबरबँड लावलेले. दर तासाला पीठ जिथवर चढेल तिथे एक. ओळीने तीन बाटल्यांत तीन खिळे: एक विहिरीच्या पाण्यात, एक खाडीच्या पाण्यात, एक गोडेतेलात. कोकमाच्या लाल पाण्यात शाल्मली खायचा चुना टाकायची, पाणी काळपट हिरवं व्हायचं, मग लिंबू पिळून ते पुन्हा लाल करायची आणि उगाच माझ्याकडे बघून हसायची. आम्ही शाळेत ज्याला प्रयोग म्हणतो, त्याला त्यांच्याकडे स्वयंपाक म्हणत.

“पण मग परीक्षा कोण घेतं, मावशी?” मी तिच्या आईला एकदा विचारलं.

“पीठ फुगलं नाही तर इडल्यांचे दगड होतात,” मावशी म्हणाल्या, “आणि ते दगड आम्हीच खातो. आणखी कोणती परीक्षा हवी?”

मी घरी येऊन हे आईला सांगितलं. आई म्हणाली, “त्यांचं ठीक आहे. तुझी प्रयोगवही पूर्ण झाली का?”

झाली होती. माझी प्रयोगवही नेहमीच सर्वांच्या आधी पूर्ण व्हायची, कारण अंकिताच्या ताईची जुनी वही माझ्याकडे होती. त्या ताईने ती आणखी कुणाच्या वहीवरून उतरवलेली. आमच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर फुटून चार वर्षं झाली होती, तरी दर वर्षी पाणी बरोब्बर शंभर अंशांना उकळायचं. वहीत. मला दहापैकी साडेनऊ मिळायचे, अर्धा गुण शीर्षकाखाली रेघ न मारल्याबद्दल जायचा. यात काही खोटं आहे असं मला कधी वाटलंच नाही. बरोबर उत्तर पुस्तकात असतं, आपण ते नीट अक्षरात वहीत आणायचं, यालाच अभ्यास म्हणतात अशी माझी समजूत होती. आणि माझं अक्षर फार छान होतं.

डिसेंबरात एके दिवशी गेले तर शाल्मली वहीत पट्टीने रेघा मारत होती. तीस ओळी. वर मथळा: ‘पाणी थांबतं ती वेळ’.

“हे कशाला?”

“आजोबा येणारेत. सांगलीचे.” तिने पट्टी खाली ठेवली. “ते हेडमास्तर होते. त्यांचं म्हणणं, आता पुरे झालं, जूनपासून मला सांगलीला न्यायचं. तिथल्या शाळेत, हॉस्टेलमध्ये. आईबाबांनी त्यांच्याकडून एक महिना मागून घेतलाय. एक तरी गोष्ट मी एकटीने, पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट करून दाखवायची. मग ते परत बोलणार नाहीत. शब्द दिलाय त्यांनी.”

“आणि नाही जमलं तर?”

तिने कापलेल्या केसांवरून दोन्ही कानांपाशी हात नेले आणि हवेत दोन लांब वेण्या ओढून दाखवल्या. मी हसले. ती हसली नाही.

“म्हणून भरती,” ती म्हणाली. “पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत. रोजची. रात्रीची आई बघू देणार नाही, म्हणून दिवसाउजेडी जी येईल ती.”

सुरुवातीचे काही दिवस मीही तिच्याबरोबर बसले. शाळा सकाळची, त्यामुळे दुपार मोकळी. भरती रोज मागच्या दिवसापेक्षा उशिरा यायची, आणि आम्ही तिच्या मागे मागे सरकायचो. संध्याकाळपर्यंत सरकून ती अंधारात गेली, की सकाळची भरती उजेडात येऊन सापडायची. कोवळ्या उन्हात पाणी पायरी चढायचं ते दिसायचं नाही, फक्त घोट्यांना कळायचं. शाल्मली म्हणायची, “बोलू नकोस, पान बिचकेल.” आणि मी, जी वर्गात बाईंच्या तासालाही गप्प बसत नाही, ती गप्प बसायचे.

नाताळच्या सुट्टीत तिच्या धाकट्या मावशीचं लग्न निघालं, बेळगावला. तीन दिवस जायचं होतं. वद्य अष्टमी, नवमी, दशमी.

“तू बघशील?” तिने विचारलं.

“त्यात काय.”

तिने वही माझ्या हातात दिली आणि घड्याळ काढून माझ्या मनगटाला बांधलं. माझ्या हातालाही ते सैल होत होतं. “अष्टमीला साडेसाताच्या सुमारास येईल बघ. तू सातलाच जाऊन बस. मग रोज तासभर उशिरा. पान सोड, आणि थांबलं की लिही.”

“आणि चुकून राहिलंच तर?”

“मग चौकट रिकामी ठेव,” ती म्हणाली. तिला ते अगदीच सोपं वाटत होतं.

सप्तमीच्या संध्याकाळी शिफाच्या मळ्यात पोपटी होती. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, उपडं मडकं, भोवती जाळ. ज्यांनी हिवाळ्यात आमच्या भागातली पोपटी खाल्लीय त्यांना पुढचं सांगायला नको. रात्री उशिरा घरी येऊन झोपले, ते जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन पांघरुणावर आलं होतं. साडेआठ.

धावत धक्क्यावर गेले. पाणी एक पायरी खाली उतरलेलं. वरच्या दगडावर ओली रेघ तेवढी होती, तीही उन्हात वाळत चाललेली. मी पान सोडलं. ते न थांबता सरळ समुद्राकडे निघून गेलं.

घरी आले, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, आणि तिथे गॅसशेजारी भिंतीवर कॅलेंडर दिसलं. आईने त्यावर सिलिंडर लावल्याच्या तारखेला गोल केला होता. प्रत्येक तारखेखाली बारीक अक्षरात सूर्योदय, सूर्यास्त आणि भरतीही छापलेली असते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. अष्टमी: ६.०४. नवमी: ७.०९. दशमी: ८.१७.

सहा वाजून चार. शाल्मली म्हणाली होती साडेसात. मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. म्हणजे मी सातला जाऊन बसले असते तरी उपयोग नव्हता, पाणी आधीच येऊन गेलं असतं. शाल्मली बिचारी चुकतेय. छापलेलं थोडंच चुकणार? मी तिन्ही ओळी तिथेच, ओट्यावर वही ठेवून, माझ्या छान अक्षरात भरून टाकल्या. नवमीला आणि दशमीला मग कशाला जायचं? वर असंही वाटलं की मी तिच्यावर उपकारच करतेय. तिच्या वहीत निदान तीन तरी बरोबर उत्तरं येतील.

ती परत आली तेव्हा हातावर मेंदी होती आणि कागदात बांधलेले बुंदीचे दोन लाडू. तिने वही उघडली.

“सहा-चार?”

“हं.”

तिने त्या तीन ओळींवरून बोट फिरवलं. “तू पाहिलंस ना?”

“हो.”

“पान सोडलंस?”

“हो.”

पान सोडलं होतं, एवढं तर खरंच होतं. तिने मान हलवली आणि दोन्ही लाडू मला दिले.

त्यानंतर शाल्मली बदलली. भरतीच्या दोन-दोन तास आधी जाऊन बसू लागली. माझे बाबा एस.टी. स्टँडवर कंट्रोलर आहेत. तिथे जाऊन तिने त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवून पाहिलं. एकदा नाही, चारदा. बाबा रात्री जेवताना म्हणाले, “तुझी ती मैत्रीण गाड्यांची वेळ विचारत नाही, नुसती वेळ विचारते.”

“माझंच काहीतरी चुकतंय,” एके दुपारी ती मला म्हणाली. पाणी हळूहळू चढत होतं. “तुझे तीन दिवस माझ्यात बसत नाहीत. तुझ्या आधी माझं पाणी उशिरा आहे, तुझ्या नंतरही उशिरा आहे. मध्ये तुझंच तेवढं लवकर.”

“असेल,” मी म्हणाले.

“मला पान थांबल्याचं उशिरा कळत असेल का?”

मी पाण्याकडे बघत राहिले. त्या वेळी बोलायला हवं होतं. पण पाणी इतकं शांत होतं, ऊन इतकं छान होतं, आणि माझी तीन उत्तरं बरोबर होती.

पौर्णिमा रविवारी आली. आजोबा शनिवारीच पोचले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं इतकं हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. मी गेले तेव्हा ते खिळ्यांच्या बाटल्या उन्हात धरून बघत होते. शाल्मलीची वही टेबलावर होती. एकोणतीस ओळी भरलेल्या, तिसावी त्या दुपारसाठी मोकळी.

“ही मंजिरी,” मावशी म्हणाल्या. “शाल्मलीची मैत्रीण. आठवीत आहे.”

“उत्तम. मंजिरी, तुमच्याकडे भरतीच्या वेळा छापलेलं कॅलेंडर आहे का गं?” आजोबा म्हणाले. “दोन्ही महिन्यांचं लागेल. एवढं आणशील?”

आमचं जुनं कॅलेंडर नव्याच्या मागे त्याच खिळ्याला टांगलेलं होतं. मी दोन्ही काढली. घरापासून भातगिरणीपर्यंतची वाट एरवी पाच मिनिटांची, त्या दिवशी ती संपेना. दोन्ही कॅलेंडरं छातीशी धरून मी चालत होते, आणि तरी मला काही उमगलं नव्हतं. मनात एवढंच होतं, की आता शाल्मलीला कळेल मी किती बरोबर होते.

आजोबांनी लाल पेन उघडलं. एक बोट कॅलेंडरवर, एक वहीवर. पहिली ओळ. बारीक फुली. दुसरी. फुली. तिसरी, चौथी, पाचवी. मावशी दारात उभ्या राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. शाल्मली आजोबांच्या खांद्यामागे उभी होती आणि प्रत्येक फुलीबरोबर पापणी मिटत होती.

“हे बरोबर,” आजोबा म्हणाले. “हेही. आणि हे.” तीन खुणा. पुढे पुन्हा फुल्या.

पेनाला टोपण लावलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“एकोणतिसातले तीन,” ते म्हणाले. “बाळ, चिकाटी आहे तुझ्यात, मला कौतुक आहे. पण चुकीचं मोजमाप महिनाभर केलं तरी ते बरोबर होत नाही. तुझी चूक तुला दाखवायला शेजारी कुणीतरी हवं. म्हणून शाळा.”

शाल्मलीने त्या तीन खुणांवर बोट ठेवलं.

“हे माझे नाहीत, आजोबा. हे मंजिरीचे आहेत.” मग म्हणाली, “तिची नजर चांगली आहे.”

टोमणा नव्हता तो. मी तिच्याकडे नीट पाहिलं, टोमणा असता तर मला चाललं असतं. तिला खरंच तसं वाटत होतं. जवळजवळ तीन आठवडे ती स्वतःच्या डोळ्यांवर, स्वतःच्या घड्याळावर, स्वतःच्या पानावर शंका घेत बसली होती, कारण माझ्या दोन ‘हो’वर तिची शंका नव्हती.

“आजोबा, मी पाहिलं नाही,” मी म्हणाले.



“काय पाहिलं नाही?”

“पाणी. ते तीन दिवस. मी पोपटीला गेले होते, मग झोपून राहिले. या कॅलेंडरमधून उतरवलेत मी ते.”

“तीनही?”

“तीनही.”

आत कुकरची शिट्टी झाली. कुणी गॅस बंद करायला गेलं नाही. मला वाटलं शाल्मली ओरडेल, निदान रडेल. तिने वही ओढून घेतली. कॅलेंडर ओढून घेतलं. बोट इकडून तिकडे जायला लागलं, मघाशी आजोबांचं जात होतं तसंच, पण भरभर.

“एक तास एकतीस,” ती पुटपुटली. “एक अठ्ठावीस. एक बत्तीस. एक तीस.” मग कॅलेंडर उलटून तळाच्या बारीक अक्षरांवर तिने नाक टेकवलं. “आई, इथे लिहिलंय, वेळा मुंबईच्या.”

“बरं मग?” आजोबा म्हणाले.

“आजोबा, सगळ्या ओळींत दीड तास आहे. रोज. मी चुकले असते तर कधी कमी, कधी जास्त चुकले असते ना?” ती आता आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हती. खिडकीबाहेर, खाडीच्या दिशेने बघत होती. “पाणी चालत येतं. समुद्र इथून पंचवीस किलोमीटर आहे. तिथे भरती झाली तरी इथे लगेच कशी होईल? ते एवढं सगळं चालत येतं.”

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. स्वतः चार-पाच ओळींची वजाबाकी केली, शर्टाच्या खिशातल्या कागदावर.

“आजची किती?”

“यात बारा-चार आहे. म्हणजे इथे एक चौतीसच्या आसपास.”

“आत्ता पाऊण होतोय,” आजोबा म्हणाले. “चला.”

मावशींनी गॅस बंद केला आणि आम्ही चौघं धक्क्यावर गेलो. आजोबांनी चपला काढून वरच्या पायरीवर जोडून ठेवल्या, पँट दोन घड्या वर केली आणि खाली येऊन बसले. शाल्मलीने पान सोडलं. ते डोंगराकडे निघालं आणि दिसेनासं झालं. थोड्या वेळाने दुसरं. दुपारचं ऊन होतं तरी थंड वारा होता, चिंचेची बारीक पानं पाण्यावर पडत होती आणि सगळीच्या सगळी आत, वर, डोंगराकडे चालली होती. बारा वाजून चार मिनिटं कधीच होऊन गेली होती, आणि पाणी अजून चढत होतं, हे आम्हा चौघांनाही दिसत होतं. ते आजोबांच्या अंगठ्याला लागलं. मग बोटांना. मग घोट्याला. मी त्या पाण्याकडे बघत होते आणि मला एकदम दिसलं, की हे पाणी आत्ता सकाळी समुद्रात होतं, किती पूल, किती गावं, किती धक्के ओलांडून आलंय, आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या भिंतीला त्यातलं काहीही माहीत नाही.

तिसरं पान हळू झालं. आणखी हळू. चिंचेची पानंही.

“थांबलं,” आजोबा म्हणाले. आमच्या सगळ्यांच्या आधी.

शाल्मलीने घड्याळ पाहिलं. एक वाजून छत्तीस. तिने वही आणि पेन्सिल आजोबांपुढे धरली. “तुम्ही पाहिलंत. तुम्ही लिहा.”

त्यांनी लिहिलं. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षाही छान होतं. मग वही मांडीवर ठेवून ते पानाकडे बघत राहिले, ते परत निघेपर्यंत.

“पण हे तीन दिवस,” ते म्हणाले. “सत्तावीस म्हणजे तीस नव्हे, शाल्मली. पूर्ण महिना ठरला होता.”

“हो.”

“वद्य अष्टमी परत येईल. पुढच्या सोमवारी. तोवर मी थांबतो. मग काय ते ठरवू.”

शाल्मलीने माझ्या तीन उत्तरांवर एकेक आडवी रेघ मारली. त्यांच्या पुढे, तिन्ही ओळींत, पेन्सिलने लिहिलं: मंजिरी. मंजिरी. मंजिरी.

“हिच्यावर?” आजोबांनी विचारलं. माझ्यासमोरच विचारलं. “आणि पुन्हा झोप लागली तर?”

“तर या वेळी ती चौकट रिकामी ठेवेल,” शाल्मली म्हणाली. घड्याळाचा पट्टा सोडवून तिने तो माझ्या मनगटाला बांधला, आणि उरलेलं टोक आत खोचलं. “दिवस तिचे आहेत ना.”



संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती. बाबा दोन्ही कॅलेंडरं पुन्हा खिळ्याला लावत होते, नवं वर, जुनं मागे. त्याच खिळ्याखाली माझ्या चाचणी परीक्षेचं वेळापत्रक सेलोटेपने चिकटवलेलं होतं. सोमवार विज्ञान, मंगळवार गणित, बुधवार इंग्रजी. सकाळी साडेसात ते साडेनऊ.

“मी सोमवार, मंगळवार, बुधवार शाळेत जाणार नाही,” मी म्हणाले.

आईचा हात पिठातच थांबला. “म्हणजे? चाचणी आहे तुझी.”

“माहीत आहे.”

मी सगळं सांगितलं. पोपटीपासून आजोबांच्या घोट्यापर्यंत. वाकडं तोंड न करता, रडत न बसता, सलग. तव्यावरची भाकरी करपली तरी आईने ती उलटली नाही.

“आता तुलाही शाळा सोडायची असेल,” ती शेवटी म्हणाली. “बोलून टाक, तेवढंच राहिलंय.”

“नाही गं. गुरुवारी जाणारच आहे.”

“आणि ती शाल्मली बसेल की तिथे. तिला काय शाळा नाही, परीक्षा नाही.”

“ते दिवस माझे आहेत, आई.”

आई बाबांकडे बघायला लागली. बाबा माझ्या मनगटाकडे बघत होते, त्या घड्याळाकडे. स्टँडवर चारदा पाहिलेलं, ओळखलं असणार त्यांनी. आमच्या घरी शाळेसाठीच्या चिठ्ठ्या बाबा लिहितात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, लांबच्या प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी मला हमखास ताप येतो. चिठ्ठीत.

“चाचणीचे गुण धरतात, मंजू,” ते म्हणाले.

“धरू देत.”

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्या वहीचं एक पान फाडलं. “बरं. तीन दिवस म्हणजे साधा ताप चालणार नाही. व्हायरल लिहितो.”

“ताप लिहू नका, बाबा,” मी म्हणाले. “भरती बघायला गेली आहे, असं लिहा.”